हिरॉइनची वाटी, आपलं ताट

मनू, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री वाटीभर सूप. त्या हिरॉइननं यावर महिन्यात आठ किलो उतरवलेत." मी गप्प बसले, कारण आई शेजारीच भाकऱ्या थापत होती. तिच्या कानावर पडलं असतं, तर पिठाच्या हातानंच तिनं फोन ओढून घेतला असता. आता झोपलीये ती. आता ऐक.

हसू नकोस, पण हे सगळं मी करून बसलेय. २००८ साली 'टशन' आला आणि करीना कपूरची 'साइझ झीरो' पेपरात गाजायला लागली. आमच्या होस्टेलवर तर तापाची साथ यावी तसा तो शब्द पसरला. मी मेसचा डबा बंद केला. काळी कॉफी, दोन काकड्या, रात्री एक सफरचंद. पहिल्याच आठवड्यात काटा तीन किलो खाली! मी अख्ख्या मजल्याला सांगत सुटले. त्यातलं बरंचसं नुसतं पाणी होतं, हे फार पुढे कळलं. खाणं तोडलं की शरीर आधी साठवणीतलं ग्लायकोजेन वापरतं, आणि त्याला धरून असलेलं पाणीही जातं. चार दिवस नीट जेवलं की ते परत येतं.

दोन महिन्यांत पाळी चुकली. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. एक दिवस जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला धरून खाली बसले. हिमोग्लोबिन आठ निघालं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय खातेस गं?" मी म्हटलं, "सगळं." आईला अजून यातलं काही माहीत नाही, तू बोलू नकोस.

आणि गंमत बघ, मी जिच्यासाठी काकड्या चावत होते, तिच्या ताटात जेवण होतं! तिची आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. तिचं 'डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट' २००९ साली आलं, मी ते बऱ्याच उशिरा वाचलं. थोडं थोडं पण दर दोन तासांनी खा, उपाशी राहू नका, असं त्यात बाई कळवळून सांगते. मी फक्त पोस्टर पाहिलं होतं. बाकीचं माझ्याच डोक्यातून आलेलं.

म्हणून मला वाटतं, ही सेलिब्रिटी मंडळी दर वेळी खोटंच बोलतात असं नाही. कधी ती अर्धं सांगतात, कधी आपण अर्धं ऐकतो. आमिर खानचंच घे. 'दंगल'साठी त्यानं वजन ९७ किलोपर्यंत नेलं, म्हाताऱ्या महावीरचं शूटिंग आधी उरकलं आणि मग पाच-एक महिन्यांत तरुण पैलवानाचं शरीर कमावलं. तो व्हिडिओ तू मला तीनदा पाठवला आहेस. पण त्यामागे ट्रेनर होता, आहार ठरवायला लठ्ठपणावर संशोधन करणारे डॉ. निखिल धुरंधर होते, आणि त्या दिवसांत वजन उतरवणं हेच त्याचं काम होतं. त्यानं हे लपवलंही नाही. तुझं काम काय? सकाळी ८:१२ ची लोकल, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी साडेसातला घर, त्यानंतर कणीक. तुला त्याचे पाच महिने कोण देणार?

आणि कधी कधी तर खरं बाहेर यायलाच वर्षं जातात. अमेरिकेत ओप्रा विन्फ्रीनं १९८८ साली आपल्या कार्यक्रमात लाल हातगाडीवर तीस किलो चरबी ओढत आणली. तेवढं वजन तिनं पातळ आहारावर राहून घटवलं होतं. बायका वेड्या झाल्या असतील! वजन लवकरच परत यायला लागलं. पुढे २०१५ मध्ये तिनं वेट वॉचर्समध्ये दहा टक्के हिस्सा घेतला, आणि २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं की आपण वजनासाठी औषध घेतो. सांगितलं हे चांगलंच केलं. पण तोवर किती जणींनी फक्त ती हातगाडीच मनात धरली असेल.

आता आपल्याकडेही वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत. मॉन्जारो २०२५ च्या मार्चमध्ये, वेगोव्ही जूनमध्ये. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत, त्यात लाज कसली? माझा राग इंजेक्शनवर नाहीच, घेऊन वर 'फक्त जिऱ्याचं पाणी' सांगणाऱ्यांवर आहे.

पैशाचंही बघत जा. रीलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेड पार्टनरशिप' असतं, तिकडे आधी नजर टाक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तुझे गळलेले केस त्यातून कोण भरून देणार?

आपल्या घरातली जुनी लढाई आठवते? २०१८ च्या सुमाराची. बाबा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे, म्हणजे दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण. आत्या दिवेकरांची, दर दोन तासांनी मूठभर दाणे. एकाच डायनिंग टेबलावर दोन पक्ष! बाबा मोबाइलवर गजर लावून बसायचे आणि ५३ व्या मिनिटाला बेसनाचा लाडू शोधत उठायचे. दीक्षित आधी इन्सुलिनची तपासणी करायला सांगतात, शिवाय रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला. तपासणी आणि चालणं बाबांनी सोयीस्कर गाळलं, लाडू तेवढा ठेवला. चार महिन्यांनी म्हणतात, "काही उपयोग नाही तुमच्या दीक्षितांचा."

तू गाळू नकोस. शनिवारी येताना उपाशीपोटी रक्त देऊन ये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. पाळी पुढे-मागे होतेय म्हणालीस, तेही एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवू. वजन वाढायचं कारण तिथेच सापडलं, तर सूप पिऊन काय होणार आहे? सगळं ठीक निघालं तर आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, एवढीच घाई करायची. स्टेशनवरून रिक्षा सोड, चालत ये. वीसच मिनिटं लागतात, मी मोजलीयेत.

रक्त देऊन झालं की मात्र थेट घरी ये. आईनं थालीपिठाची भाजणी दळून आणलीये आणि लोण्याचा गोळा वाटीत झाकून ठेवलाय, तुझ्यासाठी म्हणून. सुपाचं तिला तू सांगायचंस, मी नाही.