गीताचे गाव : नकाशावरील एक पाठ



गेल्या हिवाळ्यात दुष्काळी टापूतील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. चौथीच्या मुलांनी ‘गीतरामायणा’तील एक गीत गोड आवाजात म्हणून दाखविले. हे कोणी रचले असे विचारता वर्ग स्तब्ध राहिला. शेवटी एक मुलगा म्हणाला, “पुण्यामुंबईच्या कोणी तरी रचलं असेल, गुरुजी. आमच्या माळावर काय पिकतं?” कवीचे नाव ठाऊक नसणे हा मोठा दोष नव्हे. परंतु आपल्या मातीत काही उपजत नाही, ही समजूत नवव्या वर्षीच मनात घर करून बसावी, ही गोष्ट चिंतेची आहे. तिच्या निरसनार्थ दोन तासिकांचा पुढील पाठ सुचवितो.

शिक्षकाने जाणून घ्यावयाची माहिती : ‘गीतरामायणा’चे कवी ग. दि. माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी आटपाडी भागातील शेटफळे येथे झाला. हा भाग त्या वेळी औंध संस्थानात होता. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. माणदेशातील माडगूळ हे त्यांचे गाव. पाऊस बेताचा, घरची स्थिती ओढगस्तीची. मॅट्रिकची परीक्षाही त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. कोल्हापुरास जाऊन त्यांनी चित्रपटात काम मिळविले. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’त त्यांची लहानशी भूमिका आहे. गीतांना चाली देणारे सुधीर फडके हे मूळचे कोल्हापूरचेच; त्यांचाही जन्म १९१९ सालचा. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांच्या सूचनेवरून ही गीतमाला सिद्ध झाली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्यास एक या क्रमाने ५६ गीते श्रोत्यांनी ऐकली. बहुतेक गीते माडगूळकरांनी पुण्यातील ‘पंचवटी’ या आपल्या घरी लिहिली.

पहिली तासिका : एक गीत वर्गात म्हणून घ्यावे. नंतर अंगणात महाराष्ट्राची आकृती रांगोळीने काढून माडगूळ, कोल्हापूर व पुणे येथे खडे ठेवावेत. एका मुलाने या खड्यांवरून क्रमाने चालत जावे व इतरांनी त्या त्या ठिकाणी काय घडले ते सांगावे. आपल्या गावाचाही खडा ठेवण्यास विसरू नये. त्यापासून माडगूळ कोणत्या दिशेस, हे मुलांनीच ओळखावे.

दुसरी तासिका : गणिताशी सांगड घालावी. वर्षाचे आठवडे ५२. मग गीते ५६ कशी? मुलांना प्रथम तर्क करू द्यावा; उत्तर देण्याची घाई करू नये. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला होता, म्हणून एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत तेरा महिने झाले. १९ एप्रिल १९५६ पर्यंतचे दिवस मोजून मुलांनी हे पडताळून पाहावे. पंचांग, दिनदर्शिका व भागाकार यांचा उपयोग एकाच प्रश्नात होतो.

स्वाध्याय : प्रत्येकाने घरच्या वा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाकडून आपल्या गावात रचले गेलेले एखादे गाणे, भजन किंवा जात्यावरची ओवी उतरवून आणावी. खाली सांगणाऱ्याचे नाव, गावातील जागा व दिनांक लिहावा. जमलेली पाने शिवून त्यांची वही शाळेच्या कपाटात ठेवावी. हे काम पुढील वर्षावर टाकू नये. म्हातारे माणूस गेले की त्याची ओवीही जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

त्या शाळेत मी स्वतःच हा पाठ घेतला. माडगूळच्या खड्याजवळ तो मुलगा बराच वेळ उभा होता. “हे तर आमच्यासारखंच गाव,” एवढेच तो म्हणाला. पाठाचा उद्देश तेवढाच आहे.