खाऱ्या पाण्यातला नवा मासा महिनाभर वेगळा का ठेवायचा?

प्रश्न : आमच्याकडे खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. त्यातली क्लाउनफिशची जोडी चांगली रुळली आहे. आता मुंबईहून आणखी तीन-चार मासे आणायचे आहेत. दुकानदार म्हणतात, मासे तंदुरुस्त आहेत, पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवा आणि सोडून द्या. जाणकार मात्र नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायला सांगतात. मासा धडधाकट दिसत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : कारण धडधाकट दिसणारा मासाही रोग घेऊन येऊ शकतो. समुद्रात ज्या परजीवीचा माशाला फारसा उपद्रव होत नाही, तोच परजीवी घरच्या टाकीत दोन-तीन आठवड्यांत सगळे मासे संपवतो. असं का होतं ते नीट समजून घेतलं, की हा खटाटोप मग खटाटोप वाटत नाही.

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा नेहमीचा रोग म्हणजे पांढरे ठिपके. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय जीवामुळे तो होतो. हा जीव माशाच्या कातडीत किंवा कल्ल्यात घुसतो आणि तीन ते सात दिवस तिथेच पोसतो. मग मासा सोडून तळाशी जातो, वाळूला किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. कवचाच्या आत तो विभागत राहतो. कवच फुटतं तेव्हा शेकडो पिल्लं पाण्यात मोकळी होतात. काही कवचं तीन-चार दिवसांत फुटतात, तर काही कित्येक आठवडे तशीच पडून राहतात. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात.

खरी मेख या शेवटच्या टप्प्यात आहे. समुद्रात कवच फुटेपर्यंत मासा कुठल्या कुठे गेलेला असतो. शेकडो पिल्लांतल्या बहुतेकांना मासा सापडतच नाही, त्यामुळे एखाद्या माशावर चार-दोन परजीवी असले तरी त्याचं काही बिघडत नाही. तुमच्या तीन फुटी टाकीत मात्र मासा जाणार कुठे? तो रोज रात्री त्याच दगडाखाली निजतो आणि पिल्लंही तिथेच जन्मतात. प्रत्येक फेरीला त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. पहिल्या फेरीतले परजीवी बहुधा कल्ल्यातच असतात, ते दिसत नाहीत. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसू लागतात, तोवर दुसरी किंवा तिसरी फेरी सुरू झालेली असते. शिवाय एकदा हा रोग होऊन बरा झालेला मासा स्वतः ठणठणीत राहूनही थोडे परजीवी अंगावर वागवू शकतो. दुकानातल्या टाक्यांचं पाणी बहुतेक ठिकाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. म्हणजे एका टाकीतला परजीवी सगळ्या टाक्यांत पोचू शकतो. दुकानदारांचा शब्द प्रामाणिक असेल, पण ही गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही.

दुसरं कारण प्रवासाचं आहे. मुंबईहून जळगाव सव्वाचारशे किलोमीटर. मासा बंद पिशवीत दहा-बारा तास काढतो आणि दमून, उपाशी पोचतो. अशा माशाला थेट टाकीत सोडलं, तर हद्द राखणारी तुमची क्लाउनफिशची जोडी त्याला धड खाऊही देणार नाही. वेगळी टाकी म्हणजे त्याच्यासाठी आधी विसावा आहे, तपासणी नंतर.

पिशवी उघडतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवा. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पाण्याचा पीएच उतरतो. उतरलेल्या पीएचला माशाने सोडलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नका. पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग उघडून पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. दुकानात तो बऱ्याचदा १.०२० च्या आसपास ठेवलेला असतो. नव्या माशाच्या टाकीतला खारेपणा तेवढाच करा आणि मासा लगेच जाळीने उचलून तिकडे सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पुढच्या काही दिवसांत खारेपणा हळूहळू १.०२५ वर आणा.

ही टाकी साधीच हवी. चाळीस लिटरची काचेची टाकी, तळात वाळू नाही, दगड नाहीत. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो. एक एअर पंप, एक स्पंज फिल्टर. हा स्पंज तीन-चार आठवडे आधीच मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसतात. वर जाळीचं झाकण, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. जाळी, बादली, नळी सगळं वेगळं ठेवा, आणि टाकी मोठ्या टाकीपासून निदान दहा फूट दूर. काही परजीवी पाण्याच्या उडालेल्या बारीक तुषारांतूनही पोचतात. अमोनिया रोज तपासा, थोडा जरी दिसला तरी पाणी बदला.

पांढऱ्या ठिपक्यांवर औषधाशिवायचा एक खात्रीचा उपाय आहे आणि आपल्यासारख्या गावी तोच सोयीचा पडतो. दर तीन दिवसांनी मासा पूर्ण कोरड्या, स्वच्छ टाकीत किंवा टबात ताज्या खाऱ्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा. माशावरून गळून पडलेले परजीवी जुन्या टाकीतच राहतात आणि त्यांची कवचं फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. बारा दिवसांत मासा मोकळा होतो. बहात्तर तासांच्या वर एक तासही जाऊ देऊ नका. जुनी टाकी, पाइप, स्पंज धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, खानदेशच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्यावा. दर वेळी ३० लिटर पाणी धरलं, तर पाच भरण्यांना साधारण साडेपाच किलो मरीन सॉल्ट लागतं. मिठागराचं किंवा घरातलं मीठ चालत नाही. त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसल्यात जमा. पाणीही नळाचं किंवा बोअरचं नको. घरच्या आरओनंतर डीआय रेझिनचा फिल्टर जोडा, टीडीएस शून्यावर आला पाहिजे.

यानंतर मासा आणखी तीन-चार आठवडे तिथेच निरीक्षणाखाली ठेवा. तो तुमच्या हातून नेमाने खाऊ लागला, श्वास संथ आहे, अंग स्वच्छ आहे, तर मोठ्या टाकीत न्या. मोठ्या टाकीत रोग आधीच शिरला असेल, तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांविना चालू ठेवावी लागते. महिनाभराची वाट पाहणं त्याहून कितीतरी हलकं.

प्रश्न : पांढऱ्या ठिपक्यांवर कॉपरचं औषध देतात असं वाचलं. आमच्याकडे शेतीसाठी मोरचूद असतंच. तेच थोडं टाकीत टाकलं तर चालेल का?
— एक वाचक, धुळे तालुका

उत्तर : नाही. अंदाजाने तर अजिबात नाही. बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर आपण जे मोरचूद वापरतो ते कॉपर सल्फेटच, आणि माशांच्या काही औषधांतही तेच असतं हे खरं. पण माशाला बरं करणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत फार थोडं अंतर आहे. कॉपर सल्फेटच्या औषधात पाण्यातलं तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावं लागतं. कमी पडलं तर परजीवी मरत नाहीत, जास्त झालं तर मासाच जातो. खाऱ्या पाण्यात तांबं तळाशीही बसत जातं, म्हणून रोज टेस्ट किटने मोजून तेवढंच वाढवायचं असतं. चमचाभर निळे खडे टाकून हे साधत नाही.

मत्स्यालयासाठी तयार मिळणारं औषध घ्या. त्यातलं तांबं कोणत्या प्रकारचं आहे ते वाचा, कारण संयुगात बांधलेल्या तांब्याची मात्रा बरीच वेगळी, लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर असते. टेस्ट किटही त्याच प्रकाराचं हवं. कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारी रसायनं टाकू नका, काही वेळा दोन्ही मिळून विष होतं. आणि मोठ्या टाकीत कॉपर कधीच नाही. दगड-वाळू ते शोषून घेतात. गोगलगायी, शिंपले, कोळंब्या त्याने मरतात आणि पुढे कित्येक महिने तिथे जगत नाहीत.

कॉपरची खरी गरज पडते ती व्हेल्वेट नावाच्या दुसऱ्या परजीवी रोगाला. माशाच्या अंगावर सोनेरी धुळीसारखा बारीक थर दिसतो, कल्ले झपाट्याने उघडझाप करतात, मासा पंपाच्या प्रवाहात तोंड देऊन उभा राहतो. हा रोग दोन-चार दिवसांत जीव घेतो, म्हणून औषध आणि किट मासा आणण्याआधीच घरात असू द्या. टाकी बदलत राहण्याचा उपाय व्हेल्वेटवर भरवशाचा नाही.

धुळ्याच्या हवेबद्दलही सांगतो. थंडीत तिथला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. छोट्या टाकीचं पाणी मोठ्या टाकीपेक्षा लवकर तापतं आणि लवकर गारठतं. हिवाळ्यात थर्मोस्टॅटचा हीटर लावून २५-२६ अंश राखा. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र बिनमिठाचं आरओ-डीआय पाणीच भरा. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी वीज गेली की माशांकडे फार वेळ उरत नाही.

प्रश्न : टाकीत खरे प्रवाळ ठेवायचे असतील तर कुठून आणावेत? आणि मासे कोणत्या क्रमाने सोडावेत?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : प्रवाळ आणू नका. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, सागरी पंखे हे सगळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. समुद्री घोडे आणि समुद्रकाकड्याही त्यातच. कायद्याचं संरक्षण मेलेल्या, वाळलेल्या प्रवाळाच्या तुकड्यालाही आहे, आणि समुद्रातून उचललेल्या 'लाइव्ह रॉक'वर तर प्रवाळ असतातच. पहिल्या परिशिष्टातल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. कुणी 'बाहेरून आणलेला माल' म्हणालं, तरी साइट्स परवाना आणि नोंदणीचे कागद नसतील तर हात लावू नका. मालवणजवळचे प्रवाळ आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेली आंग्रे बँक ही महाराष्ट्राची ठेव आहे. ती जिथे आहे तिथेच राहायला हवी. सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे कोरडे दगड रचून त्यांवर जांभळं शेवाळ चढू दिलं, की टाकी सुरेख दिसते, आणि मासे त्या कपारींत तेवढ्याच सुखाने राहतात.

माशांचं म्हणाल, तर नवी टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की सुरुवात करा. एका वेळी एक किंवा दोनच मासे, आणि तेही क्वारंटाइन पुरा झालेले. स्वभावाने गरीब ते आधी, तापट ते शेवटी. फायरफिश, गोबी, ब्लेनी पहिल्यांदा, मग क्लाउनफिशची जोडी. डॅमसेल घ्यायचेच असतील तर सगळ्यांत शेवटी. क्लाउनफिश निवडताना एक लहान आणि एक मोठा घ्या. हे मासे नर म्हणूनच वाढतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे वेगवेगळ्या आकाराचे दोन मासे भांडण न करता जमवून घेतात. सिनेमात पाहिलेला निळा टँग मुलं हमखास मागतात, पण तो फूटभर वाढतो, तीन-चार फुटी टाकीत त्याचे हाल होतात.

शक्य असेल तर माणसाच्या देखरेखीत जन्मलेले मासे मागा. नवी मुंबईत ऐरोलीला महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाने शोभेच्या सागरी माशांचं उबवणी केंद्र उभारलं आहे आणि क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात चांगली जमली आहे. असा मासा टाकीतल्या खाण्याला सरावलेला असतो, त्याच्यासाठी समुद्रातलं एकही घर मोडलेलं नसतं. त्यालाही चार आठवडे वेगळं ठेवा, कारण दुकानातल्या पाण्यातून तोही गेलेला असतो. आणि दुकानात गेलात की एकच मागणी करा : मासा माझ्यासमोर खाऊ दे. जो मासा समोर खात नाही, तो कितीही देखणा असला तरी घरी आणू नका.