श्रोत्याचे अंतःकरण आणि प्रार्थना : मराठी ख्रिस्ती उपदेशाचा एक विचार

मराठी ख्रिस्ती उपदेशवाङ्मयाचा अभ्यास बहुधा वक्त्याच्या बाजूने झालेला आहे. उपदेशक कोण, त्याने कोणता मुद्दा मांडला, त्याची भाषा कितपत मराठी वळणाची होती, एवढ्यावर विवेचन थांबते. ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच, तो श्रोता 'समोरचा समाज' या शब्दात गडप होतो. वस्तुतः ख्रिस्ती परंपरेच्या मूळ ग्रंथात श्रोत्याला फार मोठे स्थान आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच असते. वाट, खडक, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन हे भेद ऐकणाऱ्यांचे आहेत. प्रेषितांच्या कृत्यांतील लुदियेची कथा तर एक पाऊल पुढे जाते. पौलाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे म्हणून प्रभूने तिचे अंतःकरण उघडले, असे तेथे म्हटले आहे. मग वक्तृत्वाला काय उरले, हा प्रश्न उपदेशकाला टाळता येत नाही. 'जमीनच खडकाळ' असे म्हणून अपयशाची जबाबदारी श्रोत्यावर ढकलण्याची सोयही याच दाखल्यातून काढता येते, आणि ती काढली गेलेली आहे.

एकोणिसाव्या शतकातील वादपर्वात श्रोत्याचे अंतःकरण जवळजवळ बाजूला पडले. मोरभट्ट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांचा १८३० च्या सुमाराचा मुंबईतील वाद, किंवा विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे १८५७ मधील समुद्रकिनाऱ्यावरील जाहीर वाद पाहावेत. तेथे जमलेला श्रोता हा पंच आहे. कोण निरुत्तर झाला एवढेच त्याने ठरवायचे. पंचाला प्रार्थना करण्याचे कारण नसते. खंडनमंडनाच्या गद्याने मराठी युक्तिवादाला धार आणली हे खरे. परंतु अशा सभेतून उठलेला माणूस बहुधा आपल्याच बाजूचा होऊन घरी जाई.

याच्या विरुद्ध टोकाला साताऱ्याच्या मातीतली एक जुनी रीत आहे. सज्जनगडाच्या परिसरात ज्या रामदासांची स्मृती आजही जागती आहे, त्यांच्या दासबोधाच्या पहिल्या दशकात गणेश, शारदा, सद्गुरू आणि संत यांच्या स्तवनानंतर एक अख्खा समास श्रोत्यांच्या स्तवनाला दिलेला आहे. बोलणाऱ्याने बोलण्यापूर्वी ऐकणाऱ्यापुढे नम्र व्हावे, हा केवळ शिष्टाचार नव्हे. श्रोत्याच्या अवधानावाचून निरूपण उभेच राहत नाही, ही वारकरी आणि समर्थ अशा दोन्ही संप्रदायांची समान धारणा आहे. सांगलीचा प्रेक्षकही अशाच कथाश्रवणावर पोसलेला होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये तेथे 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या खेळाची सुरुवातसुद्धा नमनानेच होई. कृष्णाकाठच्या श्रोत्याला ऐकणे आणि नमन करणे या दोन वेगळ्या क्रिया वाटत नव्हत्या. या श्रोत्यापुढे केवळ युक्तिवाद घेऊन जाणारा उपदेशक परका ठरला, तर नवल नाही.

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हे ओळखले. याचे एक कारण असे की, ते स्वतः आधी श्रोते होते. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, तो वाचावा आणि प्रार्थना करावी असे सुचविले. त्यांना हलविले ते डोंगरावरील प्रवचनाने. वादात हरविल्यामुळे नव्हे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंची वाट तर आणखी निराळी. 'स्मृतिचित्रे'त जातिभेद मनातून गळून पडल्याचा जो प्रसंग आहे, तेथे कोणी उपदेशक हजर नाही. विचार एकटीच्या मनात चालला आहे. उपदेशाच्या अभ्यासकाला हा प्रसंग काहीसा अडचणीचा वाटावा, पण श्रोत्याच्या अंतःकरणाचा इतका प्रामाणिक पुरावा मराठीत क्वचितच सापडेल.

टिळकांनी कीर्तन आणि अभंग हे प्रकार उचलले, ते 'देशी वेष' म्हणून, असे सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे अपुरे आहे. येथे सर्वनामांकडे लक्ष द्यावे. उपदेशाचे वाक्य 'तुम्ही' म्हणते. अभंगाचे वाक्य देवाला 'तू' म्हणते आणि बोलणारा 'मी' असतो. कीर्तनकार ध्रुपद सांगतो आणि सभा ते उचलते, त्या क्षणी हा 'मी' श्रोत्याच्या तोंडी जातो. तोवर ज्याला सांगितले जात होते, तोच आता देवाशी बोलू लागतो. वक्ता आणि श्रोता एकाच बाजूला, देवासमोर उभे राहतात. टिळकांच्या अभंगांतून ख्रिस्ताला माऊली म्हणून घातलेली साद या दृष्टीने वाचली, तर त्यातील रचनातत्त्व स्पष्ट होते: येथे प्रार्थना हीच उपदेशाचा गाभा आहे. पूर्वी ती आरंभी व शेवटी जोडली जात असे.

मात्र यात एक नैतिक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. ज्याने अजून श्रद्धा स्वीकारलेली नाही, त्याच्या तोंडी चालीच्या ओघात प्रार्थना घालणे हे त्याच्या नकळत त्याची संमती घेणे तर नव्हे? गाणारा गळा आणि मानणारे मन यांत अंतर असू शकते. कीर्तन जर केवळ आमिष असेल, तर हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो, आणि प्रचारासाठी रचलेल्या पुष्कळ पद्यांना तो लागू पडतोही.

टिळकांचे उत्तर शब्दांत शोधण्यापेक्षा साताऱ्यात शोधावे. १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन त्यांनी तेथे 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांची ही बंधुता होती. म्हणजे प्रार्थना करणाऱ्याने प्रथम चर्चच्या दप्तरात नाव घालावे, अशी अट तेथे नव्हती. श्रोत्याने किती अंतर चालावे हे श्रोत्यानेच ठरवायचे होते. रूढ मंडळीव्यवस्थेला हे पचणे अवघड होते, कारण तिच्या दृष्टीने बाप्तिस्मा हीच संमतीची खूण होती. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची पदे मात्र मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त राहिली. ज्या रचना दाराबाहेरच्या श्रोत्यासाठीही मोकळ्या होत्या, त्या आता मुख्यतः आतल्यांच्याच ओठांवर आहेत.