रबर की पॉलियुरेथेन?

प्रश्न : १९९६ची, पुण्यात जुळणी झालेली मर्सिडीज डब्ल्यू १२४ मूळ रूपात आणतो आहे. गिअर टाकताना मागे 'धप्प' होतं, लेन बदलताना शेपूट हलल्यासारखी वाटते. मेकॅनिक सबफ्रेमला पॉलियुरेथेनचे बुश सुचवतो. घालू का?

उत्तर : नको. रबरच घाला.

या गाडीच्या मागच्या सबफ्रेमवर डिफरन्शियल आणि प्रत्येक चाकाचे पाच-पाच लिंक असतात, आणि ती बॉडीला चार जाड रबरी बुशांनी टांगलेली असते. डिफरन्शियलची घरघर आणि रस्त्याचे हादरे तेच गिळतात. पॉलियुरेथेन जास्त कडक. ट्रॅकवर पळवायच्या गाडीला ते ठीक. तुमच्या गाडीत मात्र आवाज थेट केबिनमध्ये येईल. 'आयुष्यभर टिकतात' हा दुकानदारांचा आवडता युक्तिवाद, पण मूळ रबरानेही वीसेक वर्षं काढलीच की!

चारही बुश एकदमच बदला. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला 'ओरिजिनल' माल घेऊ नका. न वापरताही रबर कडक होतं. नामांकित कंपनीचा ताजा माल बरा. बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. सबफ्रेम उतरलीच आहे तर लिंकचे बुशही पाहून घ्या, त्या 'धप्प'मध्ये त्यांचा आणि डिफरन्शियलच्या माउंटचाही वाटा असू शकतो. लिंकचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.