सोळा वर्षांचा शोध

इ.स. १९८३ मधील गोष्ट. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी, मुलांच्या एका रुग्णालयात एका लहान मुलीला तपासणीसाठी आणण्यात आले. आरंभी ती इतर मुलांप्रमाणेच वाढली होती. पुढे मात्र तिची वाचा लोपली, चालणे अडखळू लागले आणि दोन्ही हात एकमेकांत सतत पिळत राहण्याची सवय तिला जडली. तिला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरचे नाव होते हुदा झोग्बी.

हुदा मूळच्या लेबॅनन देशातील बैरूतच्या. लहानपणी त्यांना साहित्याची गोडी होती. परंतु आईच्या आग्रहावरून त्या वैद्यकाकडे वळल्या. इ.स. १९७५ मध्ये त्यांच्या देशात यादवी युद्ध पेटले. त्यात त्यांचा धाकटा भाऊ जखमी झाला, तेव्हा आईवडिलांनी मुलांना अमेरिकेस पाठविले. काही दिवसांनी परतण्याचा बेत होता. पण परतीची वाट बंद झाली. परक्या देशात नव्याने प्रवेश मिळवून हुदांनी इ.स. १९७९ मध्ये शिक्षण पुरे केले.

त्या मुलीच्या विकाराला 'रेट विकार' म्हणतात. व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेआस रेट यांनी इ.स. १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले होते. सुमारे दहा हजार मुलींत एकीला तो होतो. त्याचे कारण तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. थोड्याच आठवड्यांत तशीच दुसरी मुलगी आली. आईवडिलांच्या डोळ्यांतील प्रश्नाला उत्तर देता येत नाही, याची खंत हुदांना स्वस्थ बसू देईना. मूळ कारण कळल्यावाचून उपाय सापडणार नाही, हे जाणून त्या प्रयोगशाळेकडे वळल्या.

काम सोपे नव्हते. एकाच घरातील दोघींना हा विकार झाल्याची उदाहरणे फार विरळ होती. त्यामुळे तो जनुकातील दोषामुळे होतो, हे अनेकांना पटत नव्हते. हुदा व त्यांचे सहकारी एक्स गुणसूत्रावरील एकेक जनुक तपासीत राहिले. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर इ.स. १९९९ मध्ये त्यांच्या सहकारी रूथी आमिर यांना 'एमईसीपी-२' या जनुकात दोष आढळला. सोळा वर्षांचा शोध फळास आला.

परंतु हा दोष मेंदूत काय बिघडवितो? मेंदूतील चेतापेशी एकमेकींना संदेश देतात. दोन पेशी जेथे भेटतात त्या स्थानाला 'सिनॅप्स' म्हणतात. तेथे पेशींमध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत रासायनिक द्रव्य सोडते व दुसरी ते टिपून घेते. मूल बोलू लागते, चालू लागते, तेव्हा हीच स्थाने घडत व दृढ होत असतात. इ.स. २००७ मध्ये झोग्बी यांच्या गटाने उंदरांच्या चेतापेशी तपासल्या. या जनुकापासून बनणारे प्रथिन नसलेल्या पेशींत काही सिनॅप्स कमी आढळले. प्रथिन दुप्पट असलेल्या पेशींत ते वाजवीपेक्षा अधिक आढळले. प्रथिन अधिक झाले तरीही विकार होतो, हे तोपर्यंत दिसून आले होतेच. 'अति तेथे माती' ही म्हण मेंदूलाही लागू पडते!

त्याच वर्षी एडिंबरा येथील एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांत ते जनुक पुन्हा कार्यान्वित केले, आणि मरणोन्मुख उंदीर सुधारले. म्हणजे त्यांच्या चेतापेशी नष्ट झालेल्या नव्हत्या. त्यांचे कार्य मात्र विस्कळीत झाले होते. इ.स. २०२० मध्ये झोग्बी व बर्ड यांना मेंदूविषयक संशोधनाचा 'ब्रेन प्राइझ' हा मोठा पुरस्कार मिळाला.

उंदरांत जे साधले ते मुलींत अद्याप साधलेले नाही. तरीही एका मुलीला पाहून एका डॉक्टरच्या मनात उठलेल्या प्रश्नाने आशेची वाट उघडली. उत्तर लवकर मिळत नाही म्हणून त्या डॉक्टरने प्रश्न सोडून दिला नाही, हेच या शोधाचे खरे बळ होय.