जबलपूरचे पाषाण : एका दिवसाचा अभ्यास

जबलपूरच्या परिसरात निसर्गाने रचलेला पाषाण आणि मनुष्याने घडविलेला पाषाण, हे दोन्ही एका दिवसात पाहता येतात. प्रवासाचा आरंभ मदनमहालाच्या टेकडीपासून करावा. गोंड राजांची ही लहानशी वास्तू एका प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळेवर उभी आहे. पायथ्याशी एक शिळा दुसरीवर अगदी अल्प आधाराने तोललेली दिसते. ती कोणी तेथे ठेवलेली नाही. ग्रॅनाइटमधील भेगांत पाणी शिरते, कडा झिजतात, भुसा झालेला भाग वाहून जातो आणि मधला टणक गाभा गोलाकार होऊन मागे उरतो. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातील अनेक घरे पडली. ही शिळा मात्र ढळली नाही.

भेडाघाटच्या वाटेवर तेवर हे गाव लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने हेच नाव धारण केले होते. राजधानीचे वैभव आज शोधूनच पाहावे लागते. कारण येथील घडीव दगड एकोणिसाव्या शतकात बांधकामासाठी उचलून नेले गेले.

भेडाघाटच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनींचे मंदिर दहाव्या शतकातील आहे. त्याची ओवरी वर्तुळाकार असून मधले प्रांगण आकाशाला खुले आहे. नाव चौसष्टांचे असले, तरी येथे योगिनींसाठी एक्याऐंशी स्थाने आहेत. बहुतेक मूर्ती भग्न आहेत. परंतु अनेकींच्या बैठकीवर नावे कोरलेली असल्यामुळे भंगलेल्या देवतेचीही ओळख पटते.

खाली नर्मदेने संगमरवराची दरी कापली आहे. मूळचा चुनखडीसारखा खडक भूगर्भातील उष्णतेने व दाबाने स्फटिकमय झाला. पुढे त्यात शिरलेल्या तप्त रसाचे काळपट पट्टे पांढऱ्या कड्यांवर स्पष्ट दिसतात. धुवांधार धबधब्यापाशी नदीचे हे कार्य अद्यापही चालू आहे.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. नदी शिळा झिजविते, तेव्हा नवा आकार जन्मास येतो. मनुष्य घडीव दगड त्याच्या जागेवरून हलवितो, तेव्हा दगड उरतो. पण त्याचा इतिहास नाहीसा होतो. तेवर आणि भेडाघाट एकाच दिवशी पाहणाऱ्यास हा भेद वेगळा शिकवावा लागत नाही.