पूर्वकथापट आणि समीक्षेचे निकष : ‘एक्स-मेन’ मालिकेतील दोन चित्रपट

आधी सांगून झालेल्या कथेच्या मागे जाऊन तिचा उगम दाखविणाऱ्या चित्रपटास ‘पूर्वकथापट’ म्हणता येईल. येथे शेवट प्रेक्षकास ज्ञात असल्याने ‘पुढे काय’ या कुतूहलाचा आधार उरत नाही. कर्णाचा अंत ठाऊक असूनही ‘मृत्युंजय’ (१९६७) वाचणाऱ्या मराठी वाचकास ही स्थिती अपरिचित नाही. मग अशा कृतीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे? ‘एक्स-मेन’ (२०००) या अतिमानवी नायकांच्या चित्रपटाच्या दोन पूर्वकथांना मिळालेला प्रतिसाद या दृष्टीने उद्बोधक आहे.

गॅव्हिन हूड दिग्दर्शित ‘एक्स-मेन ओरिजिन्स : वुल्व्हरिन’ (२००९) याविषयी समीक्षकांचे मत बहुतांशी प्रतिकूल होते. मूळ चित्रपटात लोगनची हरवलेली स्मृती हे त्याच्या व्यक्तिरेखेचे मर्म होते. पूर्वकथेत तिचे कारण डोक्यात झाडलेली धातूची गोळी एवढेच निघते. गूढ उकलते, पण व्यक्तिरेखा वाढत नाही. रॉजर ईबर्ट यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता : ज्यास वेदना नाही व मृत्यूही नाही, त्याच्याविषयी आस्था का वाटावी?

मॅथ्यू व्हॉन यांच्या ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’ला (२०११) मात्र अनुकूल प्रतिसाद लाभला. चार्ल्स आणि एरिक पुढे शत्रू होणार, हे प्रेक्षक जाणतो. तथापि छळछावणीत आईची हत्या पाहिलेला एरिक आणि माणसांवर विश्वास ठेवणारा चार्ल्स यांच्या मैत्रीतच तिच्या भंगाचे बीज दिसते. ज्ञात शेवट येथे अटळ वाटू लागतो.

या स्वागतासही एक महत्त्वाचा अपवाद आहे. कथा १९६२ मधील क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगाभोवती गुंफलेली आहे. बहिष्कृतांची कथा त्या वर्षाच्या अमेरिकेत घडते, पण कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा तीत नाही, याकडे ता-नहासी कोट्स यांनी लक्ष वेधले. इतिहासात शिरणारी पूर्वकथा त्या इतिहासालाही उत्तरदायी ठरते, हा निकष त्यातून पुढे येतो.

जगभरातील उत्पन्न पाहता पहिल्या चित्रपटाने सुमारे ३७ कोटी डॉलर मिळविले, तर दुसऱ्याने सुमारे ३५ कोटी. म्हणजे लोकप्रियतेचा आकडा समीक्षेच्या निर्णयाशी जुळत नाही. स्वीकृतीचा अभ्यास करताना या दोहोंची गल्लत टाळणे आवश्यक आहे. पूर्वकथेने किती माहिती पुरविली, यापेक्षा ज्ञात शेवटास तिने कोणता नवा अर्थ दिला आणि तो देताना काय वगळले, हे तपासणे अधिक फलदायी ठरते.